रुतलेली गाडी आणि ताणलेला दोर



महाभारतांत कर्णाच्या रथाचें चाक भूमीनें गिळलें, ही कथा आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. तिच्यांतील एका गोष्टीकडे मात्र आपलें लक्ष फारसें जात नाहीं. चाक रुतलें म्हणून कर्णाला इजा झाली नव्हती. तो रथाखालीं उतरला, दोन्हीं हातांनीं चाक धरून उपसूं लागला, आणि त्या स्थितींत असतांना त्याच्यावर प्राणघातक बाण आला. शापाचा आणि धर्मयुद्धाचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तर आजच्या मोटारगाडीच्या बाबतींतहि हेंच दिसून येतें. गाडी रुतण्यापासून मनुष्यास क्वचितच अपाय होतो. अपाय होतो तो ती काढण्याच्या घाईंत.

चिखलांत वा वाळूंत रुतलेली गाडी बहुधा निमूटपणें उभी असते. आंतील माणसें सुखरूप असतात. फार तर कपडे मळतात आणि वेळ मोडतो. मग कोणी तरी दोर घेऊन येतो. तो दोर हाताला सांपडेल त्या लोखंडाला बांधला जातो, पुढें दुसरी गाडी लागते, भोंवतीं बघ्यांचें कडें जमतें, आणि "हं, ओढा!" अशी आरोळी उठते. खरा धोका त्या घटकेला उभा राहतो. ताणलेला दोर तुटून, किंवा त्याच्या टोकाचें लोखंड निखळून, माणसें दगावल्याचीं उदाहरणें अनेक देशांत घडलीं आहेत. त्यांत गाडीचे चालक आहेत, तसे मदतीला धांवून आलेले लोक आहेत आणि नुसते पाहात उभे असलेलेहि आहेत. म्हणून रुतलेली गाडी सुरक्षितपणें काढण्याचीं साधनें कोणतीं, तीं कशीं वापरावीं आणि कोणतीं मुळींच वापरूं नयेत, याविषयीं आज थोडें बोलावयाचें योजिलें आहे.

हा विषय आतां केवळ लष्कराचा किंवा जंगलखात्याचा राहिलेला नाहीं. १९४१ सालापासून अमेरिकेंत जीप गाडीचें मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊं लागलें आणि पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईंत तिची जुळणी सुरू केली. त्यानंतर कित्येक वर्षें चारी चाकांना जोर देणारी ही गाडी सैनिक, सरकारी अधिकारी आणि मोठे शेतकरी यांच्याच उपयोगाची समजली जात असे. आज तिचीं भावंडें पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारांत उभीं आहेत, आणि शनिवार-रविवारीं घाटमाथ्यावरील चिखलवाटा, नद्यांचीं पात्रें व कोंकणचे किनारे पाहावयास निघतात. चारी चाकांना जोर असला म्हणजे गाडी रुतत नाहीं, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. तीहि रुततेच, इतकेंच कीं, साध्या गाडीपेक्षां रस्त्यापासून अधिक दूर जाऊन रुतते, आणि तेथें मदत उशिरां पोंचते.

प्रथम दोराशिवाय काय करतां येतें, तें पाहूं. आमचा जुना गाडीवान या बाबतींत शहाणा होता. बैलगाडी चिखलांत बसली कीं तो बैलांवर आसूड ओढण्यापूर्वीं खालीं उतरे. गोण्या उतरवून भार हलका करी, चाकापुढची माती खोऱ्यानें ओढी, त्या जागीं दगड, फांद्या, पेंढा भरी, आणि मग चाकाला खांदा देऊन बैलांना हांक मारी. ओढणें सोपें करावें आणि मग ओढावें, हें त्याचें शास्त्र होतें. मोटारगाडीचें शास्त्रहि तेंच आहे; परंतु हाताखालीं पन्नास-शंभर घोड्यांचें बळ असल्यामुळें चालकाला त्याचा विसर पडतो. चाक जागच्या जागीं गरगर फिरूं लागलें आणि गाडी पुढें सरकेनाशी झाली, कीं ताबडतोब पाय काढून घ्यावा. त्यापुढें दिलेला प्रत्येक जोर गाडीला पुढें न नेतां खालीं नेतो.

गाडी किती खालीं गेली यावर तिला काढण्यास किती ओढ लागेल, हें ठरतें. लष्करांत यासाठीं एक ठोकताळा वापरतात. चाकें बुडण्याइतकी गाडी रुतली असेल, तर तिच्या वजनाएवढी ओढ धरावी. चाकांवरील पत्र्यापर्यंत रुतली असेल तर दुप्पट, आणि त्याच्याहि वर चिखल चढला असेल तर तिप्पट. म्हणजे दोन टनांच्या गाडीस दोन, चार किंवा सहा टन ओढ लागूं शकते. हे आंकडे लक्षांत घेतले म्हणजे साध्या फावड्याची किंमत कळते. चाकापुढची चढण कापणें, गाडीच्या पोटाखालीं सांचलेली माती मोकळी करणें, जिकडून आलों तिकडेच मागें नेण्याची वाट करणें, या कामांत अर्धा तास जाईल. पण तेवढ्यानें दोरावर येणारा कित्येक मणांचा भार कमी होतो. साधनांच्या यादींत फावड्याला पहिला मान आहे तो यामुळें.

दुसरें साधन त्याहून लहान आहे. तें म्हणजे टायरांतील हवा मोजण्याचें यंत्र आणि ती पुन्हां भरण्याचा पंप. दोन टनांच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर सुमारें ११०० पौंड भार असतो. टायरांत दर चौरस इंचास ३० पौंड दाब असेल, तर ढोबळ हिशेबानें चाक ३६ ते ३७ चौरस इंच जमिनीवर टेकतें. दाब १५ पौंडांवर आणला तर तेंच चाक सुमारें ७३ चौरस इंच जागा व्यापतें. उंटाचा रुंद पाय वाळूंत रुतत नाहीं, त्याचें रहस्य हेंच. मऊ वाळूंत हवा काढल्याबरोबर पुष्कळशा गाड्या आपण होऊन बाहेर पडतात. मात्र अशा स्थितींत गाडी हळू चालवावी, झटकन् वळवूं नये, आणि पक्क्या रस्त्यावर चढण्यापूर्वीं हवा पुन्हां भरावी. नाहीं तर टायर चाकावरून निसटण्याचा किंवा तापून फाटण्याचा संभव असतो.

या विद्येचे एक आद्य अभ्यासक म्हणून राल्फ बॅग्नोल्ड यांचें नांव घेतलें पाहिजे. हे ब्रिटिश लष्करांतील अधिकारी १९२० नंतरच्या दशकांत इजिप्तमध्यें होते. आपल्या मित्रांसह फोर्ड गाड्या घेऊन ते लिबियाच्या वाळवंटांत शिरले. टायरांतील हवा कमी करण्याची युक्ति त्यांनीं अंगवळणीं पाडली. पहिल्या महायुद्धांत खंदकांवर छप्पर घालण्यासाठीं बनविलेल्या पोलादी पन्हळी त्यांनीं बरोबर नेल्या आणि रुतलेल्या चाकांखालीं घातल्या. चाक त्या पन्हळीवर चढे आणि गाडी वाळूवर निघे. १९४० सालीं त्यांनीं उभारलेल्या वाळवंटी गस्तीच्या सैन्यपथकाच्या प्रत्येक मालमोटारीबरोबर अशा पन्हळी असत. १९४१ सालीं त्यांनीं वाऱ्यानें उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज पोलादी पन्हळींची जागा दातेरी प्लॅस्टिकच्या फळ्यांनीं घेतली आहे. त्या हलक्या असतात आणि एकट्या माणसाला वापरतां येतात. एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, फळी चाकाशीं घट्ट भिडवून मगच हळूहळू जोर द्यावा. चाक तिच्यावर घसरत फिरलें तर दांते वितळतात, आणि कधीं कधीं फळी चाकाखालून बाणासारखी सुटते. तिच्या वाटेंत, गाडीच्या मागें वा पुढें, कोणी उभें असूं नये. चाक उचलण्यासाठीं जॅक लावावयाचा तर त्याच्या तळाशीं रुंद लाकडी पाट ठेवावा, आणि गाडी नुसत्या जॅकवर असतांना अंगाचा कोणताहि भाग तिच्याखालीं घालूं नये.

इतकें करूनहि गाडी निघाली नाहीं, तर दोराकडे वळावें लागतें. येथें पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही, कीं दोरांच्या दोन जाती आहेत. एक न ताणला जाणारा आणि दुसरा ताणला जाणारा. साखळी, तारेचा दोर, पॉलिएस्टरचा पट्टा हे पहिल्या जातीचे. नायलॉनचा विणलेला पट्टा किंवा जाड नायलॉनचा दोर दुसऱ्या जातीचा. वरवर पाहतां दोन्ही सारखेच दिसतात, दुकानांतहि शेजारीं टांगलेले असतात. पण एकाचें काम दुसऱ्याकडून घेणें प्राणावर बेतूं शकतें.

नायलॉन हा धागा १९३५ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत, वॅलेस करॉदर्स यांच्या देखरेखीखालीं, तयार झाला आणि १९३८ सालीं तो जगापुढें आला. दुसऱ्या महायुद्धांत विमानामागें बिनइंजिनाचें ग्लायडर ओढून नेण्यासाठीं नायलॉनचे दोर वापरण्यांत आले. कारण ओढीचा धक्का हा दोर स्वतः ताणून सोसतो. गाडी काढण्याचे आजचे नायलॉनचे पट्टे आपल्या लांबीच्या सुमारें एकपंचमांश, आणि कांहीं गोल दोर त्याहूनहि अधिक, ताणले जातात. ओढणारी गाडी थोडीशी पुढें धांवते, दोर ताणत जातो, धांवेचें बळ त्यांत सांठतें, आणि मग तो आकुंचन पावतांना रुतलेल्या गाडीला उचलून बाहेर आणतो.

हें बळ किती, याचा हिशेब शाळेंतल्या मुलालाहि करतां येईल. दोन टनांची गाडी ताशीं १० किलोमीटर वेगानें, म्हणजे माणूस सावकाश पळतो तितक्या वेगानें, निघाली तर तिच्यांत सुमारें ७,७०० जूल शक्ति असते. दहा किलोची गोणी ७५ मीटरांहून अधिक उंच फेंकण्यास एवढी शक्ति पुरे. आतां ही धांव दोरानें एक मीटर ताणून थांबविली, तर दोरावरची कमाल ओढ ढोबळपणें दीड टन होते. परंतु न ताणणारी साखळी किंवा तारेचा दोर असेल आणि तीच धांव दहा सेंटिमीटरांत थांबली, तर ओढ पंधरा टनांवर जाते. त्या क्षणीं कांहीं तरी तुटणारच. प्रश्न एवढाच कीं, काय तुटेल आणि तें कोणाच्या अंगावर जाईल. म्हणून नियम असा: साखळीला आणि तारेच्या दोराला कधींहि हिसका देऊं नये. प्रथम सैलपणा संपवावा, मग मंद गतीनें सतत ओढावें. नायलॉनच्या पट्ट्यालाहि पळत येऊन हिसका देण्याची गरज नसते. दोन-तीन मीटर सैल पट्टा जमिनीवर नागमोडी पसरावा, पहिला प्रयत्न अगदीं हलका करावा, आणि रुतलेल्या गाडीच्या चालकानेंहि त्याच वेळीं हलक्या गिअरमध्यें चाकें फिरवावींत. यश आलें नाहीं तर अधिक वेग घेण्याऐवजीं पुन्हां फावडें हातीं घ्यावें.

आतां दोर बांधावयाचा कोठें, या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतों. गाडीच्या मागें अनुयान, म्हणजे ट्रेलर, जोडण्यासाठीं एक लोखंडी गोळा असतो. दोराचा फांस त्याच्यावर सहज बसतो, म्हणून लोकांना तो सोयीचा वाटतो. याच सोयीनें कित्येकांचा घात केला आहे. तो गोळा रस्त्यावरून चालणारें अनुयान ओढण्यासाठीं घडविलेला असतो. रुतलेल्या गाडीचा हिसका सोसण्यासाठीं नव्हे. तो मानेशीं तुटला कीं ताणलेला दोर गोफणीचें काम करतो. मघांच्या ७,७०० जूलांपैकीं नुसता दहावा हिस्सा जरी तीन किलोच्या त्या गोळ्याच्या वांट्याला आला, तरी तो ताशीं ८० किलोमीटर वेगानें सुटतो. मोटारीची कांच त्याला अडवूं शकत नाहीं.

हीच गोष्ट गाडीखालच्या लहान कड्यांची. जहाजावर वा मालगाडीवर मोटार बांधून ठेवण्यासाठीं त्या दिलेल्या असतात. बंपर, आंस, स्टिअरिंगचे दांडे आणि पुढें बसविलेलें शोभेचें लोखंडी कुंपण, हींहि वर्ज्य समजावींत. सपाट रस्त्यावर बंद पडलेली गाडी टोचन करून नेण्यासाठीं जी आंट्यांची कडी गाडीबरोबर मिळते, ती रुतलेल्या गाडीच्या ओढीसाठीं पुरेशी आहे असें गृहीत धरूं नये. गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बोल्टांनीं जोडलेला, आणि किती ओढ सोसेल तें ज्याच्याविषयीं निर्मात्यानें सांगितलें आहे, असाच हूक वापरावा. तसा हूक आपल्या गाडीला आहे कीं नाहीं, हें घरीं असतांना पुस्तिका उघडून पाहावें. चिखलांत गुडघे टेकून शोधण्याची ती वस्तु नव्हे.

दोर आणि हूक यांना जोडणारी कडी म्हणजे शॅकल. घोड्याच्या नालासारखा तिचा आकार असून तोंड आंट्यांच्या पिनेनें बंद होतें. तिच्यावर कोरलेला आंकडा वाचण्यास शिकलें पाहिजे. पाऊण इंची चांगल्या शॅकलवर बहुधा पावणेपांच टन असें लिहिलेलें असतें. हा तिचा कार्यभार, म्हणजे नेहमींच्या कामांत तिच्यावर सुरक्षितपणें घालतां येणारा भार. ती तुटण्याचा भार याच्या कित्येक पट अधिक असतो. पट्ट्यांवर मात्र बहुधा तुटण्याचाच भार छापलेला असतो. हे दोन आंकडे एकच समजून तुलना केली तर फसगत होते. ज्या शॅकलवर कांहींच कोरलेलें नाहीं, ती कितीहि जाड दिसली तरी या कामांत घेऊं नये. अलीकडे अतिशय मजबूत अशा पॉलिएथिलीन तंतूंच्या दोरीची विणलेली मऊ शॅकलहि मिळते. ती हाताच्या मुठींत मावते, पाण्यावर तरंगते, आणि तुटली तरी लोखंडाच्या गोळ्यासारखी अंगावर येत नाहीं. मात्र धारदार कडेवर ती कापली जाते, म्हणून हूक गुळगुळीत असावा.

ऑस्ट्रेलियांत अशा पट्ट्यांच्या विक्रीसाठीं २०१० सालीं सरकारनें नियम केले. पट्ट्यावर सूचना छापणें बंधनकारक झालें. पट्ट्याचें तुटण्याचें बळ दोहोंपैकीं हलक्या गाडीच्या भारासहित वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावें, हें त्यांतील मुख्य सूत्र. त्याहून कमजोर पट्टा तुटतो. त्याहून फार जाड पट्टा ताणला जात नाहीं आणि साखळीसारखा वागूं लागतो. म्हणजे येथें अधिक मजबूत तें अधिक चांगलें, हा आपला नेहमींचा हिशेब चालत नाहीं. तो पट्टा ओझें उचलण्यासाठीं वापरूं नये, आणि न ताणलेल्या पट्ट्याच्या दीडपट अंतराच्या आंत कोणी उभें राहूं नये, अशाहि सूचना तेथें आहेत.

दोन पट्टे जोडण्याची वेळ आली तर मध्यें शॅकल घालूं नये. पट्टा तुटला तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटेल. एका पट्ट्याचा फांस दुसऱ्याच्या फांसांतून ओवावा आणि मधल्या पेंचांत एखाद्या मासिकाचा जुना अंक गुंडाळून खोंचावा, म्हणजे ओढीनंतर तो पेंच सुटतो. गांठ मारूं नये. गांठीमुळें दोराचें बळ निम्म्याच्या आसपास येतें, आणि आंवळलेली गांठ मग कापावीच लागते. फाटलेला, कडेला उसवलेला किंवा वाळूनें भरलेला पट्टा निवृत्त करावा. धुवून, सांवलींत वाळवून ठेवलेला पट्टा पुष्कळ दिवस टिकतो.

ज्यांच्या गाडीला विंच, म्हणजे दोर गुंडाळणारें विजेचें यंत्र, आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. विंचची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट असावी. तिच्यावर लिहिलेली ताकद रिळाच्या अगदीं आंतल्या थरावर मिळते. रिळावर जितके थर अधिक तितकी ओढ कमी. तरीहि सगळा दोर सोडूं नये. तारेचे निदान पांच आणि कृत्रिम धाग्याच्या दोराचे दहा वेढे रिळावर राहिले पाहिजेत. ओढ अपुरी पडली तर कप्पी घ्यावी. दोर कप्पींतून फिरवून परत आपल्या गाडीला बांधला कीं ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. पण त्याच वेळीं कप्पी जेथें बांधली त्या जागेवरहि दुप्पट भार येतो, हें विसरूं नये. झाड निवडावयाचें तर जिवंत, खोल मुळांचें, आणि दोर बुंध्याच्या तळाशीं रुंद पट्टा घालून बांधावा. नुसत्या तारेनें झाडाची साल कापली जाते आणि झाड मरतें. तारेच्या दोराला हात लावतांना चामड्याचे हातमोजे असावेत, आणि ताणलेल्या दोरावरून कोणीहि पाय टाकून जाऊं नये.

ताणलेल्या दोराच्या मध्यावर ओलें घोंगडें, जाड कोट किंवा मातीनें भरलेली पिशवी टाकण्याची पद्धति आहे. दोर तुटल्यास त्याची उसळी यानें कांहींशी मंदावते. ही पद्धति चांगली आहे, परंतु तिच्या भरंवशावर जवळ उभें राहणें शहाणपणाचें नाहीं. खरें संरक्षण अंतरांत आहे. ओढण्यास आरंभ होण्यापूर्वीं एकानें मुखत्यारी घ्यावी. त्याच्याच खुणेनें दोन्ही गाड्या चालाव्या. पण "थांबा" म्हणण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला असावा. मुलांना कोणाच्या तरी हातीं सोंपवून लांब बाजूला न्यावें. दोन गाड्यांच्या मध्यें, आणि दोराच्या रेषेंत पुढें वा मागें, कोणी नसावें. गाडीला हातानें ढकलीत असलेलीं माणसें आणि दोराची ओढ, हीं दोन्हीं एकाच वेळीं कधींहि असूं नयेत.

कोंकणांतील आणि गोव्यांतील किनाऱ्यांवर पर्यटकांच्या गाड्या वाळूंत रुतून भरतीच्या पाण्यांत सांपडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत सुमारें सव्वासहा तास जातात, आणि मधल्या तासांत पाणी सर्वांत जलद चढतें. सौम्य उताराच्या किनाऱ्यावर तें हातभर चढलें तरी कित्येक पावलें आंत येतें. मग घाई होते, आणि या भाषणांत वर्ज्य म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या घाईंत केली जाते. गांवांतला कोणी भला माणूस आपला ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन येतो. त्याच्या साखळीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. सैलपणा काढून संथपणें ओढली तर ती आपलें काम करते. पण ती ट्रॅक्टरच्या मागच्या आंसाहून खालच्या ओढदांड्यालाच बांधली आहे, एवढें आपण पाहावें. उंच बांधलेल्या साखळीनें ट्रॅक्टरचें पुढचें तोंड उचलतें आणि चालक उडी मारण्यापूर्वींच तो मागें उलटूं शकतो. आपल्या सहलीपायीं परक्या कुटुंबाचा कर्ता पुरुष धोक्यांत येतो, ही गोष्ट मनांत बाळगिली पाहिजे. पाणी चाकांशीं येऊन ठेपलें तर गाडीचा नाद सोडावा आणि माणसांना वर न्यावें. गाडीचा विमा उतरतां येतो आणि दुसरी गाडीहि घेतां येते.

खरें तर किनाऱ्यावर गाडी नेऊंच नये. गोव्यांत तसें करणें कायद्यानें निषिद्ध आहे, आणि महाराष्ट्रांतहि अशा चालकांवर पोलिसांनीं कारवाई केलेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास, आंजर्लें यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें वाळूंत अंडीं घालतात. तीं चाकाखालीं आलेलीं चालकाला दिसतहि नाहींत.

शेवटीं, ज्यांना आडवाटेनें जाणें भागच आहे, त्यांनीं काय जवळ बाळगावें, तें क्रमानें सांगतों. पहिलें फावडें, दुसरें हवा मोजण्याचें यंत्र आणि पंप, तिसऱ्या चाकाखालच्या दोन फळ्या, चौथा आपल्या गाडीच्या वजनास योग्य असा नायलॉनचा पट्टा, पांचव्या, आंकडा कोरलेल्या किंवा मऊ अशा दोन शॅकली, सहावे हातमोजे आणि एक जाड घोंगडें. विंच आणि कप्पी यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. या यादींतील पहिल्या तीन वस्तूंत ताणलेला दोर नाहीं, आणि बहुतेक गाड्या त्या तिहींनींच निघतात. शक्य तर दुसरी गाडी सोबत असावी, आणि कोणत्या वाटेनें जातों व केव्हां परतणार, हें घरीं सांगून निघावें.

आपल्या घरांतील कोणी तरुण अशी गाडी घेऊन पावसाळ्यांत बाहेर पडणार असेल, तर त्याला अडविण्याची आवश्यकता नाहीं. निघतांना एवढेंच विचारावें: गाडींत फावडें आहे काय, आणि दोर कोणत्या हुकाला बांधावयाचा तें पाहून ठेवलें आहे काय? दोन्हीं उत्तरें होकारार्थी आलीं, तर निरोप द्यावा. नसतील, तर तासभर उशीर झाला तरी चालेल. त्या तासांत फावडें विकत मिळतें, आणि पुस्तिकाहि वाचून होते.